मापाची वही

भिंत तशी कमरेएवढीच.
पलीकडं नजमाचं घर, अलीकडं माझं मशीन,
आणि वरून तीन मांजरं,
जणू भिंत बांधलीच त्यांना चालायला.
शक्कर पांढरी, बिजली काळी-करडी,
तिसऱ्या बोक्याला नाव नाही.
तो आपला नाहीच, असं नजमा म्हणते
आणि त्यालाही दुधात पाव कुस्करून घालते.

यंदा माझी मेथी उगवायच्या आत उकरली गेली.
कोथिंबिरीच्या वाफ्यात काय सापडायचं
ते इथं लिहीत नाही.
मेथी जाऊ द्या, पण गिऱ्हाइकाचा माल?
डहाळ्यांच्या सुनेचा ब्लाऊज, हळद दोन दिवसांवर,
आणि अस्तरावर शक्कर गोल झोपलेली.
रात्री अकरापर्यंत ओल्या बोटांनी
एकेक केस वेचला.

सल्ले फुकट असतात.
धाकटा दीर म्हणाला, पोत्यात घाला वहिनी,
मी मंठा रोडला सोडून येतो.
किराणावाला कसलीशी गोळी देत होता,
"उंदरांची आहे, पण चालते."
समोरचे काका म्हणाले, पाणी मारा,
मांजर पाण्याला भितं.
पाणी!
अहो काका, जालन्यात राहता ना तुम्ही?
नळ नवव्या दिवशी येतो,
पहाटे तीनला, करंगळीएवढा.
मांजरावर उडवायला पाणी असतं
तर अजून दोन वाफे नसते का केले मी?

पोतं काढलंही होतं एकदा, खोटं कशाला बोलू.
बिजलीला मानेला धरून आत घातलं.
ती ओरडली नाही.
विणीतून एक नख तेवढं बाहेर आलं
आणि माझ्या पदरात अडकलं.
धागा न ओढता ते सोडवायला
पाच मिनिटं लागली.
पाच मिनिटं फार असतात.
पोत्याचं तोंड मोकळं केलं.

मग मोसंबीची सालं आणली,
ज्यूसवाल्याकडून, पिशवीभर.
वास सोसत नाही म्हणे त्यांना.
दोन दिवस नाही सोसला.
तिसऱ्या दिवशी बोका सालांवर बसून
तोंड धूत होता.
मग वाफ्यावर बोरीच्या फांद्या आडव्या,
खिडकीला जाळी, कपड्यांना पेटी,
आणि मागच्या कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात वाळू:
जा बायांनो, तुमचं तिथं.
हे मात्र त्यांना पटलं.

नजमा बियाणांच्या गोदामात सरकी निवडते.
आठला जाते, सातला येते,
पापण्यांवर धूळ घेऊन.
मी भांडायलाच गेले होते,
उपटलेली मेथी मुठीत.
ती म्हणाली, "दिवसभर कुलूप असतं हो आमच्याला.
त्यांना वाटतं दोन्ही घरं त्यांचीच.
उद्यापासून भिंतीवर डबा ठेवून जाते,
दुपारी तेवढं झाकण काढाल?"
भांडायला गेले
आणि काम घेऊन आले.

शक्करचं चौथं वेत होऊ द्यायचं नाही
हे दोघींनी मिळून ठरवलं.
भाजीच्या पिशवीत घालून, रिक्षानं,
जनावरांच्या दवाखान्यात.
निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे,
मेथीत गेले समजा.
डॉक्टर म्हणाले, टाके चाटू देऊ नका,
गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घाला, साडेतीनशेला मिळते.
मी म्हटलं, कापडाचं चालेल?

तर आता मापाच्या वहीत
डहाळ्यांच्या सुनेच्या खाली:
शक्कर, नजमाची.
छाती साडेअकरा. गळा सात. लांबी तेरा.
पायांना चार भोकं, शेपटीला जागा.
बाही नाही. नाड्या पाठीवर.
शिलाईचा रकाना कोरा.

उरलेल्या अस्तराचंच शिवलं.
घातल्यावर ती दोन पावलं चालली
आणि आडवी झाली, भर लग्नात अपमान झाल्यासारखी.
बोका भिंतीवरून बघत होता.
त्यालाही न्यायचं आहे येत्या सोमवारी.
केसपेपरवर नाव लागतं,
काय सांगू, मी भिंतीपलीकडं विचारलं.
नजमा अजून विचार करतेय.