कौलनिधी

एकतीस वर्षं लिहिते मी ही वही.
लाल पुठ्ठ्याची, खानापूर स्टेशन रोडवरच्या दुकानातली,
दर ईस्टरनंतर नवी.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च,
मध्ये एक रेघ. ती मी पट्टीनंच ओढते,
नुसत्या हातानं ओढली की कोणाकडे तरी झुकते.

आमच्या देवळात दोन उपासना.
साडेसातला कन्नड, साडेनऊला मराठी,
आणि मधल्या अर्ध्या तासात
चपलांवरून, पेटीवरून, पंखा कोणी चालू ठेवला यावरून
जे काय होतं ते लिहायला वहीत रकाना नाही.
फाटकावरच्या पाटीला एकदा इकडच्यांनी डांबर फासलं,
एकदा तिकडच्यांनी.
आता कुठल्याच लिपीत येशूचं नाव लागत नाही.

छप्पर मात्र भाषा विचारून गळायचं नाही.
तिसऱ्या बाकावर साडेसातला सुवार्तम्मा हंचिनमनी,
साडेनऊला मी.
मध्ये एकच बादली,
अर्धी त्यांच्या प्रार्थनेत भरायची, अर्धी माझ्या.
दारात गाठ पडली की त्या म्हणायच्या, ‘नीरु.’
मी म्हणायचे, ‘होय की ओ, पाणी.’
वीस वर्षांची ओळख, एवढीच.

म्हणून कौलनिधी.
काजूच्या बिया विकून दिलेले चारशे,
भट्टीवरच्या हजेरीतले पन्नास-पन्नास,
दुबईहून कोणाच्या नातवानं पाठवलेले वीस हजार.
एकूण एक लाख शहाऐंशी हजार चारशे.
खाली सही, निळ्या शाईत, ‘पावले’,
रेव्हरंड एलियेजर.
पैसे त्यांना पावले.

आली सहाशे कौलं.
तीही बस्त्यांव सोझच्या भट्टीवरून, उधार.
बस्त्यांव पलीकडच्या देवळातला, माऊलीपुढं मेणबत्ती लावणारा,
आमच्या रेव्हरंडांच्या लेखी वाट चुकलेला.
तीन वर्षं तो उधारीबद्दल अवाक्षर बोलला नाही.
सहाशे कौलं पुरली बरोबर व्यासपीठापुरती.
तेव्हापासून तिथून येणारं वचन
अगदी कोरडं.

ऑगस्टातल्या सभेला बेळगावहून मोठे साहेब आले.
म्हणाले, आपण एक शरीर आहोत.
शरीर आपल्या जखमा चव्हाट्यावर धुतं का?
ऐक्य राखा.
रेव्हरंडांनी डोळे मिटून आमेन म्हटलं.
मागं बादलीत थेंब पडत होता.

गुडघा धरून मी उठले. वही उघडली.
नाव, तारीख, रक्कम. नाव, तारीख, रक्कम.
दुसऱ्या पानावर माझा आवाज बसला
तशा सुवार्तम्मा उभ्या राहिल्या,
आणि माझी एकेक ओळ
त्यांच्या बोलीत म्हणत गेल्या, साडेसातच्या लोकांसाठी.
मला तेव्हा कळलं, त्यांच्यातही जमा म्हणजे जमाच,
खर्चाला शेवटी एक उकार, बस.
साहेब म्हणाले, पुरे.
कोणीतरी मागून म्हणालं, अजून सहा पानं आहेत.
ते कन्नडमधून म्हटलं की मराठीतून,
खरंच आठवत नाही.

पुढं काय? चौकशी नाही. बदली झाली.
शाल, नारळ, आणि व्यासपीठावर फोटो,
जिथं भिजायला होत नाही तिथं.
घटप्रभेकडच्या कुठल्या मंडळीत गेलेत म्हणे.
तिथंही छप्पर असेल. तिथंही कोणी काजू विकत असेल,
किंवा ऊस, किंवा नुसती अंडी.

म्हणून चार रात्री बसून आठही पानांची नक्कल केली.
समोर सुवार्तम्मा, कन्नड नक्कल त्यांची.
अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे त्यांचं.
पेन संपलं तेव्हा बस्त्यांवनं कानावरचं काढून दिलं.
तो आला होता कौलं मोजायला,
बाकीचं शेकारायला किती लागतील ते.
उधारीचं आम्हीच काढलं, तर म्हणाला, लिहून ठेवा.

नकला रजिस्टरनं पाठवल्या, तिथल्या पंचांच्या नावानं.
पावती वहीत चिकटवली आहे.
खर्च: टपाल, त्रेचाळीस रुपये.
निधीतून नाही.
एकवीस पन्नास माझे, एकवीस पन्नास त्यांचे.