लांब पट्टी, दोन नग

आयटीआय सिग्नलच्या मागच्या गल्लीत
प्रल्हाद अहिररावांचं शटर अर्धंच वर असतं.
वाकून आत गेलो, खांद्यावर दोन स्की,
टोकं पत्र्याला लागली, खण्ण.
रीमर, ड्रिल, मिलिंग कटर यांच्या रांगेत
त्या आडव्या पडल्या तेव्हा
पंगतीत उंट बसावा तशा दिसल्या.

‘काय आहे हे?’
बर्फावरून घसरायचं.
‘मग धार कशाला? घसरायला धार लागते?’

या प्रश्नाला मी तीन हिवाळे उत्तर शोधतोय.

सांगितलं त्यांना: मऊ बर्फात या राण्या.
कमरेला शहाण्णव मिलिमीटर, रुंद, निवांत,
भुसभुशीत ढिगावरून तरंगत जातात.
विकणारा म्हणाला होता, अख्ख्या डोंगराला एकच जोडी.
पण औलीला सकाळी सातला
रात्रभर गोठलेला उतार फरशीसारखा वाजतो, तेव्हा
या कडेवरून कडेवर यायला वेळ लावतात,
वळण मागावं तर अर्धं देतात.
उरलेलं मी कुल्ल्यावर पूर्ण करतो.

‘कडक म्हणजे किती? नंबर सांगा.’
रॉकवेलमध्ये बर्फ कुणी मोजलाय?
म्हटलं, निफाडला जानेवारीत
द्राक्षाच्या पानावर दव गोठतं ना,
तसं, पण फूटभर जाड. आणि खाली दरी.
ते गप्प झाले. निफाडचे जावई आहेत.

अंगठा फिरवला कडेवरून, सावकाश.
‘मेली आहे. इथे दगड लागलाय.’
मशीन बंद केलं. फाइल घेतली.
अठ्ठ्याऐंशी डिग्री, टोकाकडून शेपटीकडे,
एकाच श्वासात एक हात, पुन्हा टोकापासून.
चहा निवला, त्यावर लोखंडाची धूळ.
शेवटी स्वतःच्या नखावर ओढून पाहिलं,
पांढरा भुगा निघाला. ‘बास.’
चलनावर लिहिलं: लांब पट्टी, दोन नग, धार.
एकशे ऐंशी रुपये.

फेब्रुवारीत परत गेलो.
‘धरलं?’
धरलं. पहिल्याच वळणाला कड अशी रुतली
की मीच दचकलो.
पायाखाली आवाज, नवं कापड फाडावं तसा, सलग.
पण वेग वाढला की पुढची टोकं
थंडीत दात वाजावेत तशी वाजतात,
आणि मागे वळून बघावं
तर रेघ नाही, टिंबं टिंबं.

‘चॅटर,’ ते म्हणाले, इतक्या सहज
जणू औलीला त्यांचं दुसरं दुकान आहे.
‘धारेचा दोष नाही.
टूल होल्डरच्या फार बाहेर काढलं की थरथरतं.
तुम्ही मागे बसता. घाबरून.
पुढचं सगळं मोकळं सुटतं.’

दोन प्रशिक्षक झाले माझे. एक तर फौजेतला.

मग त्यांनी चपला काढल्या,
तेलाच्या डागांवर स्की मांडल्या,
अनवाणी वर उभे राहिले, वय एकसष्ट,
गुडघे मोडून, घोट्यातून पुढे झुकले.
समोर विजेचा बोर्ड आणि पतसंस्थेचं कॅलेंडर.
‘असं,’ म्हणाले, ‘भीती वाटली की जॉबवर जायचं.
जॉबपासून लांब नाही.’

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
येऊ दे, येऊ दे.
ते लगेच उतरले नाहीत.