प्रश्न क्रमांक बावन्न

रात्री पावणेबारा. रायबंदरच्या धक्क्यावर
चोडणची फेरी दोर सोडते आहे,
आणि मी, वय सेहेचाळीस, जेवणाच्या टेबलावर
मुलाची कंपासपेटी बाजूला सारून
सराव परीक्षा देते आहे.
शंभर प्रश्न, दोन तास.
नापास झाले तर कुणाला कळणारही नाही.

पहिले चाळीस पटापट सुटतात.
करंगळी वाकडीच राहिली, तर कुठली नस.
कुठल्या पट्ट्यात तुटली कंडरा,
टाका दुपदरी की चौपदरी.
अडलं की मी स्वतःच्याच हाताला विचारते.
मूठ मिटते, उघडते, उत्तर सांगते.
(एवढी कॉपी चालते.)

मनगटात आठ हाडं. त्यांतलं एक होडी.
जुन्या लोकांना तशी दिसली म्हणे,
वल्ह्याविना, अंगठ्याच्या खाली नांगरलेली.
शेजारी अर्धा चंद्र. पलीकडे वाटाणा.
होडीला रक्त उलटं येतं,
बोटांच्या बाजूनं मागे, कोपराच्या दिशेला,
जशी मांडवीत भरती
समुद्राकडून घाटाकडे चढत जाते.
होडी मधोमध मोडली
की वरच्या अर्ध्याला भरती पोचत नाही.
तो सुकतो. सावकाश. महिने लागतात.

बावन्न.
"तरुण पुरुष. उंचावरून तळहातावर पडला.
अंगठ्याच्या मुळाशी, तपकिरीच्या खळगीत
दाबलं की दुखतं. एक्स-रे स्वच्छ.
पुढे काय कराल?"

प्रश्नात झाड नाही.
झाड माडाचं होतं, चोडणचं, सुरीचं,
कमरेला कोयती होती, नाव कायतान,
आणि ओपीडीत तो त्या दिवशी एकशेदहावा.
मी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला.
स्वच्छ.
क्रेप बँडेज, गोळ्या, आठ दिवस चढू नको.
म्हणजे पर्याय अ.
अ मी आधीच लिहून बसले आहे,
त्याच्या केसपेपरवर, सहीसकट.

सात महिन्यांनी आला. खुर्चीवर बसलाच नाही.
"दोतोर, हात आयकना," एवढंच म्हणाला,
आणि तो न ऐकणारा हात
माझ्यापुढे टेबलावर ठेवला,
दुसऱ्या कुणाची वस्तू परत करावी तसा.

आज मी क निवडते.
प्लास्टर घाला, दोन आठवड्यांनी परत बघा.
हिरवी खूण. "बरोबर.
चौऱ्याऐंशी टक्के परीक्षार्थींनी हेच उत्तर दिलं.
स्पष्टीकरण वाचा."

स्पष्टीकरण मी वाचत नाही.
स्पष्टीकरण परवा धक्क्यावर शहाळी विकत होतं,
दुसऱ्यांनी उतरवलेली,
डाव्या हातानं, तीन घावांत, एक थेंबही न सांडता.
ओळखलं त्यानं मला. स्ट्रॉ पुसून दिला.
वरचे दहा रुपये द्यायला विसरला
की ठेवून घेतले, कळलं नाही.
मी मागितले नाहीत.
माझ्या दहा रुपयांत काय फिटणार होतं, हाही प्रश्नच,
पर्याय नसलेला.

कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं.
त्रेपन्न: भाजलेला तळहात, मूल दीड वर्षाचं.
वाचते, अर्थ लागत नाही.
पलीकडच्या तीरावर फेरीची फळी आपटते.

मी अंगठा ताणते.
मनगटाशी खळगी उघडते,
चिमूटभर तपकीर मावेल एवढी.
तिथे दाबून बघते.
दुखत नाही.
जरा जोरानं दाबते.