फळ आत कसं गेलं

जहाजावरून उतरताना भाच्यानं आणली बाटली:
लांब मानेची, आत अख्खी नाशपती,
देठासकट.
"मामी, ब्रँडी आहे, पण द्राक्षाची नव्हे,"
एवढं सांगून तो उलव्याला आपल्या घरी गेला.

रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत
सत्तावीस वर्षं मी क्वालिटी कंट्रोलला.
कंपनी गुजरातला गेली, मी ऐरोलीतच राहिले.
निरोपाला सगळ्यांना चांदीच्या मुलाम्याचा गणपती,
मी मागून घेतलं शंभर मिलीचं मोजपात्र.
शनिवारी रात्री ते ओट्यावर उभं असतं,
मी डोळा रेषेच्या पातळीत आणून वाचते:
साठ, तीस, पंधरा.

व्हिस्की सावर केली, व्हिस्कीशिवाय.
लिंबू, पाक, अंड्याचा पांढरा.
फेस सुंदर आला. चव मात्र
ताप उतरल्यावर तोंडाला असते तशी.
वहीत लिहिलं: बॅच नापास.

साइडकारसाठी नागपुरी संत्र्याच्या साली
चार दिवस व्होडकात मुरवल्या.
त्या गलक्यात नाशपती हरवली,
जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखी.

हे थेंबाला शिवत नाहीत.
पण लिंबं तेच आणतात, पातळ सालीची, दाबून बघून,
आणि "सरबताला हवीत" असं भाजीवालीला
तिनं न विचारता सांगतात.

चौथ्या शनिवारी बाटली ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाले,
"फळ आत कसं गेलं?"

मी सांगितलं, भाच्यानं सांगितलं तसं:
फळ सुपारीहून लहान असतं तेव्हाच
डहाळीला बाटली बांधतात.
उन्हाळाभर ते काचेत वाढतं.

हे काही बोलले नाहीत.
एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन;
उंचावर काय बांधायचं आणि कुठल्या गाठीनं
हा त्यांचा प्रांत.

सोमवारी सोसायटीच्या पेरूला
तांब्याच्या तारेनं टांगलेली
सोड्याची बाटली.
वॉचमन म्हणाला, "काकी, नजर लागू नये म्हणून का?"
कर्णिक सेक्रेटरींनी नोटीस लावली:
झाडांना कोणतीही वस्तू बांधू नये.
नोटीस बांधली होती
त्याच झाडाला.

आणि त्याच आठवड्यात ओल्ड फॅशन्ड जमली.
ब्रँडी साठ, काळ्या गुळाचा पाक पाच,
बिटर्स परवडेना म्हणून
काडेचिराईताच्या काढ्याचे दोन थेंब.
बर्फाचा एकच मोठा खडा.
आधी कडू, मग गूळ,
आणि घोट उतरल्यावर कितीतरी वेळानं नाशपती,
पाहुणे गेल्यावर खरं बोलणाऱ्या जावेसारखी.
बॅच पास. सही केली, तारीख घातली.
सही दाखवायला मात्र आता कुणी सुपरवायझर नाही.

बाटलीत चार बोटं उरलीय.
नाशपतीचे खांदे उघडे पडून काळे होतायत.
ती बुडालेली राहायची तर प्यायचं थांबवायला हवं,
आणि ते मला सध्या जमेल असं वाटत नाही.

काल वही उघडली,
तर माझ्या सहीखाली ह्यांचं तिरपं अक्षर:
पेरू. बावीस मिमी.
काचेतून, अंदाजे.
आता परत निघत नाही.