खूण

नोव्हेंबरात आम्ही दोघे एकाच रांगेत असतो,
मी आणि खासगीवाले,
बँकेच्या खडकी शाखेत, हयातीचा दाखला द्यायला.
ते माझ्यापुढे तीन माणसं सोडून.
मागे वळून विचारतात, "काय, आहात ना अजून?"
आहे, म्हणतो मी.
अंगठा यंत्रावर टेकवतो. यंत्रालाही पटतं.

सत्त्याऐंशी साली आमचं खातं कागदावर नव्हतं.
दारावर पाटी होती : भूजल मापन, उपविभाग.
आत तीन टेबलं, एक तिजोरी,
आणि पिल्ले,
जो डब्यातल्या लिंबूभाताचे चमच्याने मोजून
तीन वाटे करायचा,
स्वतःचा नेहमी लहान.

पिल्ले दापोडीच्या रुळांवर सापडला.
नोंद झाली, तोल गेला.
त्याचं नाव कोणी विकलं ते मला कळलं
एका स्कूटरच्या पावतीवरून.
ज्या स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत
ती खासगीवाल्यांनी जावयाला आठवड्यात दिली,
डॉलर भरून.

मी वर काही कळवलं नाही.
समोरच्यांना कळवलं, चार ओळीत,
की तुमचा माणूस आमचंही खातो.
फोटो नव्हता माझ्याकडे. खूण दिली :
पिस्ता रंगाचा चौकड्यांचा शर्ट,
गुरुवार, दत्ताला जातो,
संध्याकाळी सात दहा, बाजाराचा बसथांबा.
डाव्या हाताने लिहिलं सगळं.
खूण आणि खून, एका अक्षराचा फरक,
आणि आमच्या पुण्यात न-ण वरून माणसाची पत ठरते.
माझा ण डाव्या हातानेही
बिनचूक आला होता.

त्या बुधवारी शर्ट इस्त्रीला गेला.

किसन परटाचा उद्धव, वय बावीस.
गुरुवारी त्याला बोपोडीत मुलगी बघायला जायचं होतं.
बाप म्हणाला, गिऱ्हाइकाचं अंगाला लावू नये.
आई म्हणाली, जाऊ द्या हो,
दोन तासांत काय झिजतंय.
कॉलरच्या आत शाईने घातलेलं होतं, ख-१७.
ते दिसू नये म्हणून त्याने
वरचं बटण लावून घेतलं. गळ्याला आवळत असणार.
हातात पाव किलो पेढे.

पेपरात आतल्या पानावर आलं,
कोणाला वाटलं टायर फुटला.

शुक्रवारी खासगीवाले कचेरीत आले, पांढऱ्या शर्टात.
दत्ताला उशीर झाला म्हणाले काल, बस सोडून दिली.
मग म्हणाले, "माझा शर्ट गेला की रे."
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक करत होतो.
टोक झालेलं होतं, तरी करत होतो.
त्यांना कळलं, आणि त्यांना कळल्याचं मला कळलं.
त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना
अहो-जाहो करतो.

तेराव्यानंतर किसन आला, चप्पल बाहेर काढून.
रुमालात ऐंशी रुपये, पाच-पाचच्या नोटा,
इस्त्री केल्यासारख्या सरळ.
"साहेबांचा शर्ट पोरामुळं वाया गेला."
खासगीवाल्यांनी मोजून घेतले.
मी त्याला पाणी दिलं.
तो म्हणाला, "त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं हो."
मी म्हणालो, नव्हतंच.
एवढं एकच खरं मी त्या वर्षात बोललो,
तेही भांडं परत घेताना.

किसनची गाडी अजून तिथेच असते, औंध रोडच्या वळणावर.
हात थरथरतो, पण कोळशाची इस्त्री सोडत नाही.
माझे शर्ट त्याच्याकडेच जातात.
घरी नेताना गठ्ठा पोटाशी धरावा लागतो,
गरम असतो बराच वेळ.

परवा सहज विचारलं,
सगळ्यांच्या कपड्यांना शाईने खूण घालतोस,
माझ्या का नाही?

त्याने कॉलर उलटी करून तोंडातलं पाणी फुरकलं,
इस्त्री दाबली.
"तुमचे ओळखू येतात, साहेब."