चहात बुडवलेले बिल्ले

बर्नलीच्या कामगार क्लबात, जिन्याखालच्या टेबलावर
ग्लेनिस एन्टविसल कापडी बिल्ले मांडते:
आवळलेली मूठ, घुबड, सन त्र्याहत्तर.
परवाच शिवून आलेत.
रात्रभर चहात बुडवले, कडा किसणीवर घासल्या.
एका किटलीत पन्नास वर्षं. भाव चार पौंड.

खरा एकच, तिच्या पिशवीत,
नेव्हिलचा. बनियनसकट ठेवलेला,
तो गेल्यापासून न धुतलेला.
विकायचा नाही. दाखवायचाही नाही.

एकोणीस वर्षांची पोर विचारते, "अस्सल आहे ना?"
ग्लेनिस सुट्टे मोजत राहते.

मग फळ्यांवर टाल्कम पावडर पडते,
कुठल्याच रेडिओने न वाजवलेली तबकडी लागते,
आणि पोर गिरकी घेते, पडते, उठते,
टाळी चुकते, पुन्हा गिरकी.
चारच्या सुमारास बिल्ला घामानं चिंब,
आणि चहाचा ओघळ पांढऱ्या शर्टावरून
थेट बरगडीपर्यंत.

धापा टाकत ती टेबलाशी येते.
"हे निघेल का?"
ग्लेनिस वाकून त्या डागाचा वास घेते. जरा जास्तच वेळ.
"गार पाणी," म्हणते. "चोळू नकोस."
आणि पिशवीची चेन नीट लागलीय का ते चाचपत,
"नाहीतर राहू दे."