पार्किंग नंबर सात

फाल्गुन सरला की चेंबूरच्या आमच्या गल्लीत
सोनमोहर कुणाचं ऐकत नाही.
रात्रभर झडतो.
सकाळी माझी राखाडी वॅगन-आर
हळद लागल्यासारखी उभी,
आणि तिला तर चौदावं वर्ष चालू.

मुस्तकीम साडेपाचला बादली घेऊन येतो.
त्याचे नियम मला पाठ:
कोरडं फडकं मारायचं नाही, आधी पाणी.
वायपर सुका चालवायचा नाही,
परागाबरोबर धूळ असते, काच ओरबाडते.
बॉनेटच्या खाचेतल्या पाकळ्या बोटाने काढायच्या,
नाहीतर पावसाळ्यात पाणी आत उतरतं.
एसीची जाळी झटकायची.
"और मॅडम, शिंक आली तर गाडीला बोलायचं नाही."

एकदा घाईत मी ओढणीने काच पुसली.
ते अर्धवर्तुळ अजून दिसतं,
सिग्नलला, ऊन समोरून आलं की.

कव्हर घ्या, म्हणायचे शेजारचे धुरू.
त्यांच्या सँट्रोला चंदेरी कव्हर, चारी कोपऱ्यांना नाड्या.
दर रविवारी उतरवून झटकायचे,
गॅलरीत वाळत घालायचे
दोन चिमटे जास्तच लावून.
गाडी मात्र कुठे न्यायचे नाहीत.

फांद्या छाटाव्यात म्हणून
महापालिकेला अर्जही त्यांनीच लिहिला होता गेल्या साली.
सहीला माझ्याकडे आणला.
मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये.
चष्मा डोक्यावर होता.
त्यांनी पाहिला.
अर्जाची नीट घडी घालून खिशात ठेवला
आणि विचारलं, पाणी आलं का हो तुमच्याकडे?

माघात धुरू गेले.
कव्हर झटकायचं राहिलं.
चैत्रापर्यंत त्यावर इतका थर
की मांजर चालली तरी पावलं उठायची.

परवा मुलगा बडोद्याहून आला, गाडी विकली.
बॅटरी केव्हाच मेलेली, टो करून नेली.
कव्हर मुस्तकीमने मागून घेतलं,
कशाला, ते मी विचारलं नाही.

गाडी हलली तिथे
काळ्या डांबराचा एक लांबट चौकोन उरला,
अगदी सँट्रोएवढा,
बाकी सगळं पिवळं.
खिडकीतून बघत होते.
दुपारी त्यात सात-आठ पाकळ्या.
दिवेलागणीला कडा बुजायला लागल्या.

सकाळी झाडूचा आवाज आला तशी
चहा तसाच ठेवून खाली ओरडले,
मुस्तकीम, सात नंबरचं राहू दे.